ड्रॅगनचे शुभेच्छुक

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, ह्या लोकांचं डोकं फिरलंय. खेळ आहे म्हणे, पण पट नाही, सोंगट्या नाहीत, पत्ते नाहीत. एक जाडजूड पुस्तक, वीस बाजूंचा फासा आणि टेबलाभोवती बसलेली माणसं. एक म्हणतो, मी गुहेत शिरतो. दुसरी म्हणते, मी मशाल पेटवते. मग फासा टाकायचा आणि पुन्हा बोलत बसायचं. मी म्हटलं, असल्या गप्पा आमच्या गल्लीच्या कट्ट्यावर रोज चालतात, त्याला पुस्तक कशाला पाहिजे?

"ताई, तुला न्हाय कळायचं," प्रसेनजीत म्हणाला. हा माझा धाकटा भाऊ. आठवडाभर वारणानगरला डेअरीच्या लॅबमध्ये दूध तपासतो आणि रविवारी कोल्हापुरात येऊन राक्षस मारतो.

"जिंकतं कोण?" मी विचारलं.

"कोण न्हाय."

"मग हरतं कोण?"

"तसं काय नसतंय की."

"मग उठता कधी?"

"भूक लागल्यावर," तो म्हणाला. आता अशा माणसाशी काय बोलायचं?

मी पूर्णिमा. लक्ष्मीपुरीत एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, शिवजयंती, भीमजयंती, दहीहंडी, जे म्हणाल ते. कोल्हापुरात असा चौक नसेल जिथं माझं काम कधी टांगलं गेलं नाही. पार मुरगूडपर्यंत जातं. एकेका फ्लेक्सवर मी एवढी नावं बसवलीत की वाचणारा दमेल. त्यात माझं नाव एकदाही नाही. खाली कोपऱ्यात दुकानाचं नाव असतं आणि मालकांचा मोबाईल नंबर. तोही मीच टाकते.

दुकानात लाईट गेली की मी बॉलपेननं जुन्या बिलांच्या पाठीवर चेहरे काढत बसते. ती बिलं प्रसेनजीतनं उचलली आणि नेऊन दाखवली संयोगिता मॅडमना. ह्या मॅडम आर्किटेक्ट आहेत, रुईकर कॉलनीत राहतात, आणि तीन वर्षं खपून त्यांनी असल्या खेळाचं पुस्तक मराठीत लिहिलंय. नाव 'सातदरी'. पुण्याचा चित्रकार अर्ध्यात सोडून गेला म्हणून त्या हैराण होत्या. बिलं बघून म्हणाल्या, तिला घेऊन ये.

गेले. मॅडमनी चहा दिला आणि म्हणाल्या, "मला मॅडम म्हणू नकोस." मी म्हटलं, बरं मॅडम.

"एक चित्र काढून आण," त्या म्हणाल्या. "पुस्तकातला शेवटचा प्रसंग. गुहेत विखार नावाचा ड्रॅगन आहे आणि समोर त्याला मारायला आलेले हिरो. रविवारी खेळ त्या प्रसंगापर्यंत आला की मी ते चित्र टेबलावर ठेवणार. चित्र बघून लोकांना आता काय करायचं ते कळलं, तर सगळं पुस्तक तुझं. मुखपृष्ठावर तुझं नाव."

मुखपृष्ठावर तुझं नाव. ह्याच्यापुढं मॅडम काय बोलल्या ते मला धड ऐकूच आलं नाही. मला ते पाहिजे होतं. त्यात लाज कसली? पाहिजे होतं म्हणजे पाहिजे होतं.

मग मॅडमनी कपाटातून परदेशी पुस्तकं काढली. चित्र कसं पाहिजे ते समजावं म्हणून. समजायचं राहिलं बाजूला, होतं नव्हतं ते डोकं पण आऊट झालं.

पहिलं पुस्तक जुनं. नुसत्या काळ्या रेघा, टाचणीनं ओरखडल्यागत. हातपाय तिरके, घोडा कुत्र्याएवढा, पण अंधार असा काढलेला की बघताना पाय मागं घ्यावासा वाटतो. दुसरं एकदम चकाचक. दाढीचा केस न् केस मोजून घ्यावा असा. त्यात लढाईला निघालेली एक बाई होती, छातीला लोखंड आणि पोट उघडं. मी म्हटलं, "मॅडम, हिला शत्रू पोटात भोसकणार न्हाय का?" मॅडम हसल्या आणि म्हणाल्या, हा वाद जगभर चालू आहे. तिसरं पुस्तक चहा सांडल्यासारख्या कागदावर, फिकट पाण्याचे रंग, कडेला खरडलेल्या नोंदी. चौथ्यात काळे ठिपके, पिवळाजर्द रंग आणि कवट्या. ते बघून मला वाटलं, छापताना मशीन बिघडलं असणार. मॅडम म्हणाल्या, हे सध्या सगळ्यात गाजतंय.

"ह्यातलं कसलं पाहिजे?" मी विचारलं.

"जुन्या रेघा पाहिजेत. पण जुनाट नको. घाण वाटलं पाहिजे, पण सुंदर."

आमच्याकडं गिऱ्हाईक 'साधं करा पण जोरात' म्हणतं, त्यातलाच प्रकार. मी मान हलवली.

"हिरो किती आहेत?"

"चार."

"फोटो द्या त्यांचे."

मॅडम माझ्याकडं बघतच राहिल्या. "फोटो कसे असतील? हिरो म्हणजे खेळणारा. जो पुस्तक घेईल तो हिरो."

"तो कोण घेणार ते ठाऊक न्हाय, आणि त्याचा चेहरा मी काढू?"

"चेहरा नकोच. पाठमोरे काढ."

मी कप खाली ठेवला. पाठमोरे! आमच्या धंद्यात कुणाचा चेहरा झाकणं म्हणजे भांडणाला आवतण. एकदा मंडळाच्या खजिनदाराचा चेहरा लाईटच्या खांबामागं गेला, तर अख्खं मंडळ दुकानात भांडायला आलं होतं. फ्लेक्स टांगणाऱ्याची चूक, शिव्या मला. आणि ह्या बाई म्हणतात, हिरोचाच चेहरा दाखवू नकोस. मग तो हिरो कशाचा?

"मला आधी काही दाखवू नकोस," दारात मॅडम म्हणाल्या. "मी सुचवत बसेन आणि तू बदलत बसशील. सगळ्यांबरोबरच बघीन."

पुढचे दिवस मी दुकानातनं आले की कागदावर रेघा ओढत बसायचे. कॉम्प्युटर नको म्हटलं, हातानंच काढायचं. काळी शाई, बारीक निब. एक रेघ, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, मग तिथं अंधार होतो. मनगट सुजलं. पण जमलं, खोटं कशाला बोलू, लई भारी जमलं. ड्रॅगनच्या खवल्यांवर तर मीच खूश झाले.

चेहऱ्यांचं मात्र माझं मन मानेना. पाठमोरी माणसं काढून बघितली तर गॅससाठी लाईनीत उभी राहिल्यागत दिसायला लागली. ती खोडली आणि समोरून काढली. विखार सगळ्यात मोठा, म्हणून मधोमध वरती, शेपूट तेवढं पार तळापर्यंत वळवलेलं. त्याच्या डोक्यामागं आगीच्या ज्वाळा. खाली गुहेच्या दगडांच्या चार कमानी आणि प्रत्येक कमानीत एक हिरो, छातीपर्यंत. कमानी अरुंद, तलवार आडवी मावेना, म्हणून दोन्ही हातांत उभी धरायला लावली. कुणाचा चेहरा कुणाच्या मागं गेला नाही. सगळे नीट दिसतात. मला तर नाद खुळा वाटलं.

आईनं चष्मा लावून बघितलं. आमची आई, मीनाबाई, कशालाही चांगलं म्हणत नाही.

"कुणाचा हाय गं ह्यो?"

"ड्रॅगन हाय, आई."

"ते दिसतंय. कुठल्या पक्षाचा?"

मी हसले. आईला काय कळतंय, असं म्हणून चित्र गुंडाळून ठेवलं. तिथंच मला समजायला पाहिजे होतं.

रविवारी मॅडमच्या गच्चीवरच्या खोलीत गेले. टेबलाभोवती तिघं जण. एक आमचा प्रसेनजीत. दुसरे हंबीरराव, कळंब्याला जिम चालवतात, आवाज असा की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकतं. तिसरी साक्षी, बँकेत आहे, बोलते कमी आणि फासा टाकायच्या आधी त्याच्यावर फुंकर मारते. मॅडम खेळ चालवणार, म्हणजे जगात काय घडतं ते सांगणार. चौथा खेळाडू यायचा होता, त्याच्या म्हशीनं ऐनवेळी घात केला. मी कडेला स्टुलावर बसले, मांडीवर चित्र.

दुपारभर खेळ चालला. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. हंबीरराव दार फोडतो म्हणाले, फासा वाईट पडला, तर दार शाबूत आणि खांदा निखळला. खोलीच्या दाराला कुणी हात लावला नव्हता, खांदा जागेवर होता, तरी हंबीरराव खांदा चोळत होते. मला हसावं का डॉक्टर बोलवावा ते समजेना. शेवटी मॅडमनी आवाज खाली आणला. तुम्ही गुहेच्या तळाशी आलात. गंधकाचा वास येतोय. आणि समोर, त्या म्हणाल्या, हे आहे.

त्यांनी माझं चित्र टेबलावर उलगडलं.

हंबीरराव खुर्चीतनं अर्धे उठले, वाकून बघितलं, आणि नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

"मोठा माणूस दिसतोय," ते म्हणाले.

"हे खाली आपण ना?" साक्षी म्हणाली. "आपण ह्यांचेच आहोत."

मॅडम गोंधळल्या. "ह्यांचे म्हणजे? तुम्ही त्याला मारायला आलाय!"

"मारायला आलो आसतो तर असं खाली लाइनीत कशाला हुबं ऱ्हायलो आसतो?" हंबीरराव म्हणाले. "हात जोडलेत की आमी."

"हात जोडलेले नाहीत, तलवार धरलीय!"

"मानवंदना हाय ती," प्रसेनजीत म्हणाला. माझा सख्खा भाऊ!

"अरे, तो आग ओकतोय!"

"आग डोस्क्यामागं हाय, मॅडम. ते तेज हाय."

"तीन गावं जाळलीत ह्यानं!" मॅडम जवळजवळ ओरडल्या.

"ते विरोधकांनी उठवलं आसंल," हंबीरराव म्हणाले, आणि बाकीच्या दोघांनी माना डोलावल्या.

मी उठून चित्राकडं बघितलं. आधी कितीदा बघितलं होतं, पण आत्ता दिसलं. रेघा जुन्या, अंधार जुना, घाण पण सुंदर, सगळं मॅडमनी सांगितलं तसं. आणि बसवणूक अख्खी फ्लेक्सची. ज्याचा मान तो मोठा, मधोमध, मागं तेज. खाली ओळीनं छोटे चेहरे, सगळे कॅमेऱ्याकडं बघणारे. मी ड्रॅगनला नेता केला होता आणि हिरोंना त्याचे शुभेच्छुक. हात माझाच, आणि मलाच न विचारता त्यानं हे केलं होतं.

"चित्र बाजूला ठेवा," मॅडम म्हणाल्या. "ते चुकलंय. मी तोंडी सांगते."

गेलं, मी मनात म्हटलं. पुस्तक गेलं, नाव गेलं. पूर्णिमाबाई, जावा परत लक्ष्मीपुरीला, युवा नेत्याच्या गॉगलला चमक मारत बसा. डोळ्यांत पाणी आलं आणि त्याचा आणखी राग आला.

पण हंबीररावांनी चित्रावर हात ठेवला. "चुकलंय म्हंजे? आमी डोळ्यांनी बघितलंय. आता बघितलेलं न्हाय कसं म्हणू?" आणि त्यांनी चित्रातल्या विखारकडं तोंड करून अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, निमित्त काय म्हणायचं?"

सगळ्यांनी मॅडमकडं बघितलं. मॅडमनी समोरचे कागद चाळले, पुढं, मागं, पुन्हा पुढं.

"तो बोलत नाही," त्या म्हणाल्या. "मी त्याला बोलायला लिहिलेलंच नाही. त्याला फक्त मारायचं असतं." मग माझ्याकडं वळल्या. "तू काढलायस. तूच सांग, निमित्त काय."

हे रागानं होतं का खरंच विचारत होत्या, मला कळलं नाही. खोलीत मला काहीच कळत नव्हतं. पण निमित्ताशिवाय फ्लेक्स नसतो, एवढं कळतं. तोंडात आलं ते बोलले.

"वाढदिवस."

"कितवा?" साक्षीनं विचारलं. मला नाही, चित्राला.

"मोजायचं सोडून दिलंय," मी म्हटलं, आणि आवाज माझा होता पण जरा जड निघाला. "मोजून कुणाला सांगू? हितं कोण येत न्हाय. येतात ते तलवार घिऊन येतात. आल्या आल्या धावूनच येतात. नाव इचारत न्हाईत. माझं नाव काय हाय, ह्ये तुमच्यापैकी कुणी इचारलंय का कधी?"

आयला, हे कुठनं आलं? माझ्याच अंगावर काटा आला. प्रसेनजीत माझ्याकडं असा बघत होता की जणू मी त्याची ताई नव्हेच. साक्षीनं फासा खाली ठेवला.

"मी तलवार म्यान करते," ती म्हणाली. "आणि त्याच्या शेजारी जाऊन बसते."

"मी पण," प्रसेनजीत म्हणाला.

हंबीररावांनी घसा खाकरला. त्यांचे डोळे ओले झाले होते, देवाशपथ. "वाढदिवस हाय तर केक पाहिजे. माझ्या पिशवीत भाकरी हाय, ती चालंल. कापायला तलवार हायच."

"तलवारीनं केक कापला तर गुन्हा दाखल हुतोय, हंबीरराव," प्रसेनजीत म्हणाला.

"गुहेत कुठलं आलंय पोलीस ठाणं!"

मग खोलीत असा हशा उठला की खालचं कुत्रं भुंकायला लागलं. भाकरीचे चार तुकडे नीट होतात का, त्यासाठीसुद्धा फासा टाकला गेला. सगळे हसत होते, मॅडम सोडून. त्या आपल्या कागदांवर हात ठेवून बसल्या होत्या. मला एकदम वाईट वाटलं. तीन वर्षं लिहिलेलं माणसाचं आपण एका चित्रानं मोडलं, ह्याला काय म्हणायचं?

"मॅडम, मी दुसरं काढते," मी म्हटलं. "पाठमोरे काढते. म्हणाल तसे काढते."

"गप्प बस जरा," त्या म्हणाल्या. मग कागदांवरचा हात काढला. "तीन वर्षं मी ह्याला मारायच्या वेगवेगळ्या तऱ्हा लिहितेय. तेवढंच लिहितेय. त्याला काही विचारावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही." त्यांनी कागद गोळा केले आणि शेवटचे सगळे काढून टेबलाखाली ठेवले. "दुसरं काढू नकोस. मीच परत लिहिते. पुस्तक तुझं."

"पण तुम्ही चुकलंय म्हणाला."

"चुकलंयच."

"मग?"

"मला नाही माहीत, पूर्णिमा," त्या म्हणाल्या आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या. "बाकीची चित्रंही अशीच चुकव."

अशीच चूक परत करायची म्हणजे काय? ती न बघता झाली होती, आता बघून कशी करायची? मी विचारणार होते, तेवढ्यात मॅडमनी मोबाईलवर चित्राचा फोटो काढला, लॅपटॉपवर घेतला, वर 'सातदरी' आणि त्याखाली स्वतःचं नाव टाकलं. मुखपृष्ठ तयार. लॅपटॉप माझ्याकडं सरकवला. "तुझं नाव तूच टाक. तुला सवय आहे."

सवय! दुसऱ्यांची नावं टाकायची सवय आहे. आमदारांचं केवढं, नगरसेवकाचं केवढं, सरपंचाच्या मेव्हण्याचं केवढं, सगळं मला झोपेत विचारा. माझं केवढं, हे मात्र कुणी विचारलंच नव्हतं. हात कीबोर्डवर ठेवून मी नुसती बसले. मग खाली उजव्या कोपऱ्यात, जिथं दुकानाचा नंबर असतो तिथं, बारीक अक्षरात लिहिलं, पूर्णिमा गणपती कांबळे.

"एवढं बारीक? मोठं कर की," मॅडम म्हणाल्या. मी थोडं मोठं केलं. त्यांनी मान तिरकी करून बघितलं. "नाहीतर नुसतं पूर्णिमा ठेवलं तर? सुटसुटीत दिसेल. चित्रकार ठेवतात असं."

प्रसेनजीतनं टेबलावरून मान वर केली. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं. आडनाव राहू दे, हे आम्ही आयुष्यात बऱ्याच लोकांकडनं ऐकलंय, बऱ्याचदा गोड आवाजातच. मी मॅडमच्या चेहऱ्याकडं बघितलं. तिथं मला काही सापडलं नाही. जागेचाच प्रश्न असेल. चित्रकार ठेवतही असतील, मला काय ठाऊक? नसेलही. मला आजसुद्धा सांगता येत नाही, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

"का? आडनावाला काय झालं?" मी विचारलं. आवाज जरा चढलाच.

"अगं, काही नाही," मॅडम दचकल्या. "लांब होतंय, म्हणून."

"लांब नावं बसवणं हाच माझा धंदा हाय, मॅडम."

मी नाव कोपऱ्यातनं उचललं, तळाला मधोमध आणलं आणि कोपरा धरून ओढत गेले. पूर्णिमा मोठं झालं. गणपती मोठं झालं, माझ्या बापाचं नाव, तेही कधी कुठं छापून आलं नव्हतं. कांबळे मोठं झालं. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत.

हंबीरराव वाकून बघत म्हणाले, "ताई, ड्रॅगनचं शेपूट झाकलं की."

"झाकू दे," मी म्हटलं आणि सेव्ह केलं.